कन्याशाळेत सहशालेय उपक्रम वर्षभर चालवायचे कसे? जूनपासूनची क्रमवार तयारी

बऱ्याच कन्याशाळांत सहशालेय उपक्रम म्हणजे वरून पत्र आले की सुरू होणारी धावपळ. स्पर्धा आठ दिवसांवर असते. बाई वर्गात येऊन विचारतात, "कोण भाग घेणार?" आणि नेहमीच्याच दहा-बारा मुली हात वर करतात. वक्तृत्वाला त्याच, नाटकाला त्याच, खो-खोला त्याच. बाकीच्या टाळ्या वाजवायला. वर्षअखेरीच्या अहवालात उपक्रमांची यादी लांबलचक दिसते, पण दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलीला विचारले, "शाळेत तू काय काय करून पाहिलंस?" तर ती गप्प राहते.

मुलींना उत्साह नसतो, हे मला पटत नाही. गडबड तीन ठिकाणी होते. वेळ शाळा सुटल्यानंतरची ठेवली जाते, निवड आधी आणि ओळख नंतर होते, आणि घरच्यांना सगळ्यात शेवटी विचारले जाते. हा क्रम उलटा केला की निम्मे काम मार्गी लागते.

मुलींच्या शाळेत याला वेगळे महत्त्व आहे. मुलाला गल्लीत क्रिकेट मिळते, संध्याकाळचा कट्टा मिळतो. मुलगी वयात आली की तिचे मोकळे फिरणे, खेळणे बहुतेक घरांत आक्रसते. मग मैदान, रंगमंच, प्रयोगाचे टेबल हे सगळे तिला शाळेत मिळाले तरच मिळते. आणि ती कशात रमेल हे तेराव्या वर्षी तिलाही ठाऊक नसते, आपल्यालाही नसते. म्हणून एकच एक उपक्रम चांगला चालवून भागत नाही, पर्याय अनेक लागतात.

पुढचे टप्पे तालुक्याच्या गावातली तीन-चारशे मुलींची माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. शहरातल्या शाळेला गाड्यांचा भाग थोडा कमी लागू पडेल. बाकी क्रम तोच.

## १. शाळा उघडण्याआधी : तीन याद्या

पहिली यादी : मुली घरी कशा आणि कधी जातात. सगळ्या कामाचा पाया ही यादी आहे आणि नेमकी तीच कुठे केलेली नसते. प्रत्येक वर्गशिक्षिकेने हजेरीपटाच्या क्रमाने एका वहीत चार रकाने भरायचे : गाव किंवा वस्ती, येण्याजाण्याचे साधन, परतीच्या गाडीची वेळ, आणि घरी पोहोचल्यावर तिच्यावर असलेले काम. चौथा रकाना टाळू नका. धाकट्या भावाला अंगणवाडीतून आणणे, पाणी भरणे, आई शेतावरून येईपर्यंत चुलीचे बघणे, ही कामे कळल्याशिवाय "ही मुलगी सरावाला का थांबत नाही" याचे उत्तर मिळत नाही.

ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या, मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या गाड्याही येतात. पण पास मोफत असला तरी गाडी एकच असते. ती पावणेसहाला सुटत असेल तर त्या गावच्या सगळ्या मुलींसाठी शाळेचा दिवस पावणेसहालाच संपतो. वही भरून झाली की गाडीच्या वेळेप्रमाणे मुलींचे गट पाडा. कोणत्या वेळेनंतर किती मुली थांबूच शकत नाहीत, हे एका कागदावर येईल. तो कागद शिक्षिकांच्या खोलीत लावा.

दुसरी यादी : कोणाला काय शिकवता येते. विषयशिक्षक म्हणून नव्हे, माणूस म्हणून. गणिताच्या बाई हार्मोनियम वाजवत असतील, शिपाईमावशी भारुड म्हणत असतील, लिपिक कधीकाळी जिल्हा संघातून कबड्डी खेळले असतील. गावातला इलेक्ट्रिशियन, बँकेत नोकरी करणारी माजी विद्यार्थिनी, आरोग्य केंद्रातल्या परिचारिका हेही या यादीत येतात. प्रत्येकाच्या नावापुढे आठवड्यातला किती वेळ नक्की मिळेल ते लिहा. "कधीही सांगा, येतो" म्हणणाऱ्यांवर वेळापत्रक उभे राहत नाही.

तिसरी यादी : जागा आणि सामान. मैदानाची लांबी-रुंदी प्रत्यक्ष मोजा. खो-खोला साधारण २७ बाय १६ मीटर जागा पुरते. मुलींच्या कबड्डीचे मैदान त्याहून बरेच लहान, १२ बाय ८ मीटर. कपाटात काय आहे ते उघडून बघा. पंप नसलेले फुटबॉल, तार तुटलेला तंबोरा, कुलूपबंद सूक्ष्मदर्शक, सगळे लिहा. दुरुस्तीचा खर्च बहुधा नव्या खरेदीपेक्षा कमीच येतो.

> पुढे जाण्याआधी तपासा : मैदानाजवळच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का? पाणी येते का? पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का? कपडे बदलायला एक खोली ठरली आहे का? यांतले एक जरी नसेल, तर दर महिन्याला चार-पाच दिवस मुली मैदानावरून गायब होतील आणि कारण कोणी सांगणार नाही.

## २. वेळ शाळेच्या वेळेतच काढा

आठवड्यातल्या एका दिवशी, मधल्या सुट्टीनंतरच्या सलग दोन तासिका सगळ्या वर्गांसाठी एकाच वेळी मोकळ्या ठेवा. ३५-४० मिनिटांच्या दोन तासिका म्हणजे सव्वा तास हाती येतो. सगळी शाळा एकाच वेळी मोकळी असली की आठवीची मुलगी नववीच्या मुलीबरोबर एकाच गटात बसू शकते आणि सगळ्या शिक्षिका एकदम उपलब्ध असतात.

या तासिका कुठून आणायच्या? शारीरिक शिक्षण, कला आणि कार्यानुभव यांच्या तासिका वेळापत्रकात आधीच असतात. कागदावर त्या असतात, प्रत्यक्षात गणित-इंग्रजीचा मागे पडलेला अभ्यासक्रम त्यांत भरून काढला जातो. त्यांतल्याच दोन एकत्र आणा. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी २०२४ पासून 'आनंददायी शनिवार'चा, म्हणजे शनिवारी कृती-उपक्रम घेण्याचा शासन निर्णय आहे, तो वापरा. मात्र नववी-दहावी त्यात येत नाहीत. शनिवारी फक्त आठवीपर्यंतचे उपक्रम घेतले तर मोठ्या मुली आपोआप बाहेर राहतात. म्हणून मधल्या वाराची ती वेळ सगळ्यांसाठी ठेवाच.

वार निवडताना आठवडी बाजाराचा दिवस टाळा. त्या दिवशी गैरहजेरी जास्त असते आणि गाड्याही भरून जातात.

> इशारा : "शाळा सुटल्यावर तासभर" हे ठरवायला सगळ्यात सोपे असते. त्यात गावातच राहणाऱ्या मुली तेवढ्या उरतात. लांबून येणारी, घरकाम असणारी, जिला या संधीची जास्त गरज आहे तीच गळते. स्पर्धेआधीचा जादा सरावसुद्धा शक्यतो सकाळी परिपाठाआधी ठेवा आणि गाड्यांचा कागद बघूनच वेळ ठरवा.

## ३. उपक्रमांची यादी ठरवा

एका गटात २५ ते ३० मुली धरा. साडेतीनशे मुलींना बारा ते चौदा गट लागतात. आकडा मोठा वाटतो, पण शिक्षक-शिक्षकेतर मिळून पंधरा माणसे असली की जमते. गट या पाचही अंगांत विभागलेले असावेत.

मैदान. खो-खो, कबड्डी, लंगडी, धावणे, योगासने. खो-खोला दोन खांब आणि चुना एवढ्यावर भागते, आणि नऊ जणी एकदम मैदानात असतात. कमी खर्चात जास्त मुली, म्हणून तो आधी घ्या. शक्य असेल तर बुद्धिबळही ठेवा. धावपळ न आवडणाऱ्या किंवा प्रकृतीमुळे धावू न शकणाऱ्या मुलींसाठी ती खेळातली जागा होते.

कला. चित्रकला, गायन-वादन, नाटक, लोकनृत्य. चित्रकलेत दोन गट करा : एक शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी करणारा, दुसरा नुसता आवडीने काढणारा.

बोलणे आणि लिहिणे. वादविवाद, कथाकथन, भित्तिपत्रक, शाळेचे हस्तलिखित. वक्तृत्वाला मी या यादीत शेवटी ठेवते, कारण ते बहुतेक ठिकाणी पाठांतर झाले आहे. भाषण वडील किंवा बाई लिहितात, मुलगी हातवारे करून म्हणते. वादविवादात समोरची काय बोलेल ते आधी कळत नाही, त्यामुळे मुलीला स्वतः विचार करावाच लागतो.

विज्ञान आणि हातकाम. प्रयोग, निसर्ग निरीक्षण, सायकल दुरुस्ती, घरगुती वीजजोडणीची ओळख, संगणकावर प्रोग्रॅम लिहिणे. पंक्चर काढणे, फ्यूज बदलणे, ड्रिल मशीन धरणे हे कन्याशाळेत मुद्दाम ठेवा. एखादा मुलगा घरी बघून बघून हे शिकतो. मुलीच्या हातात पाना सहसा कोणी देत नाही.

सेवा आणि शिस्त. गाइड पथक (स्काउटसारखेच, मुलींचे), हरित सेना, रस्ता सुरक्षा दल. शाळेला एनसीसीचे कनिष्ठ पथक मंजूर असेल तर उत्तमच. नसेल तर त्याची वाट बघत बसू नका, गाइड पथक सुरू करणे सोपे असते. एका शिक्षिकेचे गाइड कॅप्टनचे प्रशिक्षण झाले की नोंदणी करता येते.

> इशारा : यादी पूर्ण झाली की मोठ्याने वाचा. मेंदी, रांगोळी, पाककला, केशरचना, भरतकाम यांनी तीनपेक्षा जास्त जागा घेतल्या असतील तर यादी नव्याने करा. या कला वाईट नाहीत, आवडीने कोणी शिकत असेल तर शिकू द्या. पण त्या मुलीला घरीही मिळतात. शाळेतला सव्वा तास घरी न मिळणाऱ्या गोष्टींसाठी आहे.

## ४. आधी चव, मग निवड

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून सावकाश वाचा.

पहिल्याच आठवड्यात "कोणाला काय हवे" विचारू नका. जिने कधी वादविवाद बघितलेलाच नाही ती तो कसा निवडेल? ती मैत्रिणीने जे लिहिले तेच लिहिते. जुलैचे चार आठवडे सगळ्या मुलींना फिरवा. प्रत्येक आठवड्यात दोन उपक्रम, प्रत्येकी एक तासिका. चार आठवड्यांत आठ गोष्टी करून होतात. प्रत्येक मुलीने पाचही अंगांतले किमान एक करायचेच, असा नियम ठेवा. त्या तासिकेत भाषण नको, प्रात्यक्षिक हवे. सायकलच्या तासिकेला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते तिने स्वतः शोधले पाहिजे. लोखंडी पट्टीने टायर सोडवताना ती घसरून बोटाला लागते, हात काळे होतात, आणि शेवटी चाक फिरते तेव्हा चेहरा बघावा. ती मुलगी पुढच्या आठवड्यात आपणहून पुढे येते.

चार आठवडे झाले की निवडचिठ्ठी द्या. एका चतकोर कागदावर एवढेच :

नाव, इयत्ता, तुकडी.
मला करायचे आहे : १. ……… २. ……… ३. ………
मला आवडले, पण भीती वाटते : ………
घरून अडचण येईल असे वाटते का? होय / नाही

तिसरी ओळ सगळ्यात मोलाची आहे. "मला आवडले, पण भीती वाटते" या रकान्यात 'नाटक', 'कबड्डी', 'माइकवर बोलणे' असे शब्द येतात. त्या मुलींना त्याच गटात घ्यायचे, पण सुरुवातीला मागच्या कामावर. नाटकात नेपथ्य आणि सूचक, कबड्डीत गुणलेखक, भित्तिपत्रकात सुवाच्य अक्षर काढणारी. दिवाळीपर्यंत यांतल्या बऱ्याच जणी स्वतः पुढे येतात. कोणाला ढकलावे लागत नाही.

चिठ्ठ्या वर्गातच, शांतपणे, एकमेकींच्या न बघता भरून घ्या आणि लगेच गोळा करा. घरी नेल्या की त्या मोठा भाऊ भरतो.

वाटप कसे करायचे. आधी प्रत्येकीचा पहिला पसंतीक्रम बघा. एखाद्या गटात जागेपेक्षा जास्त नावे आली तर चिठ्ठ्या टाका, सगळ्यांसमोर. जिला पहिली पसंती मिळाली नाही तिचे नाव वेगळे लिहून ठेवा, दुसऱ्या सत्रात तिला प्राधान्य द्यायचे. दोन जिवलग मैत्रिणी वेगळ्या गटांत गेल्या तर रडारड होते. दोन आठवडे धीर धरा, नव्या ओळखी होतात.

> तपासा : (अ) एकही मुलगी गटाविना राहिलेली नाही. (आ) चाचणीत कमी गुण म्हणून कोणाला वगळलेले नाही. (इ) नृत्यात उंची-रंग बघून, संघात आधीच येणाऱ्या मुली बघून निवड केलेली नाही. (ई) दिव्यांग मुलींना 'बसून बघणे' हे काम दिलेले नाही. (उ) एका मुलीचे नाव दोनपेक्षा जास्त स्पर्धांत नाही.

शेवटची अट शिक्षकांना जाचक वाटते, कारण तीच मुलगी हमखास बक्षीस आणते. तरीही पाळा. ढालींची संख्या दोन-तीनने कमी होईल आणि मंचावर जाणाऱ्या मुलींची संख्या कितीतरी वाढेल.

## ५. घरच्यांशी बोलणे : पत्राआधी भेट

संमतिपत्र दप्तरातून पाठवायचे आणि सहीची वाट बघायची, ही पद्धत मोडा. आधी बोलणे, मग कागद.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पालक सभा घ्या. शेतीची कामे आणि मजुरी बघून वेळ ठरवा. बऱ्याच गावांत संध्याकाळी सातनंतर, वस्तीवरच जाऊन घेतलेली अर्ध्या तासाची बैठक शाळेतल्या सभेपेक्षा उपयोगी पडते. आईला बोलवाच, पण एकट्या आईला नको. तिला पटते, घरी गेल्यावर तिचे चालत नाही. वडील, आजी, काका, घरात ज्याचा शब्द चालतो त्याच्यापर्यंत बोलणे पोहोचले पाहिजे.

प्रश्न ठरलेलेच येतात. उत्तरे तयार ठेवा :

*"अभ्यास बुडेल ना?"* — तासिका शाळेच्या वेळेतच आहे, वेळापत्रक दाखवा. परीक्षेच्या आधी दोन आठवडे उपक्रम बंद असतात हेही सांगा.

*"सोबत कोण असणार?"* — बाईंचे नाव सांगा. शक्य असेल तर बाईंना बैठकीलाच न्या. "शाळा जबाबदार आहे" या वाक्याने कोणाचे समाधान होत नाही.

*"कपडे कसले घालायचे?"* — पूर्ण लांबीची ट्रॅकपँट आणि टी-शर्ट चालतो, असे स्पष्ट सांगा. खेळणाऱ्या मुलींना धावताना आधार देणारे अंतर्वस्त्र लागते, हे बाईंनी आयांना वेगळे बाजूला घेऊन सांगावे. त्याविना कित्येक मुली पळायलाच तयार होत नाहीत.

*"खर्च किती?"* — आकडा सांगा. शून्य असेल तर शून्य म्हणा.

*"उन्हात काळी पडेल, लग्नाला अडचण येईल."* — हे हसण्यावारी नेऊ नका आणि वादही घालू नका. गावातल्याच एखाद्या माजी विद्यार्थिनीला बोलवा, जी खेळली आणि आज पोलिसात, आरोग्य खात्यात किंवा शिक्षिका म्हणून कामाला आहे. ती पाच मिनिटे बोलली की पुढचे आपल्याला बोलावे लागत नाही.

त्यानंतर संमतिपत्र. त्यात उपक्रमाचे नाव, वार, वेळ, जबाबदार शिक्षिकेचे नाव, मुलीला असलेला आजार किंवा चालू औषध, आणि तातडीच्या वेळी फोन करायचे दोन क्रमांक असावेत. बाहेरगावच्या स्पर्धेसाठी वेगळे पत्र घ्या, वर्षभराच्या एकाच सहीवर भागवू नका. मुलीचा फोटो प्रसिद्ध करण्याची परवानगी हा स्वतंत्र रकाना ठेवा.

> इशारा : पालक नाही म्हणाले तर मुलीला वर्गात एकटी बसवून ठेवू नका. कोणत्याही गटातल्या एखाद्या 'आतल्या' कामावर, ग्रंथालय, हस्तलिखित, बुद्धिबळ, तिला घ्या. दोन महिन्यांनी पालकांशी परत बोला. पहिला नकार बहुधा शेवटचा नसतो.

## ६. पहिल्या दिवसाआधी सुरक्षिततेची कामे

यात तडजोड नाही, म्हणून थोडक्यात आणि स्पष्ट.

१. शाळेची सखी सावित्री समिती, म्हणजे मुलींच्या सुरक्षिततेसाठीची समिती, कागदावर नव्हे, खरोखर बसते का ते बघा. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने ती प्रत्येक शाळेत असणे अपेक्षित आहे. तिच्या सदस्यांची नावे आणि १०९८ हा बालमदत क्रमांक मैदानाच्या बाजूच्या भिंतीवर रंगवून घ्या.

२. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाची ओळखपत्रे आणि चारित्र्य पडताळणी आधी. तो पुरुष असो वा स्त्री, शाळेतली एक शिक्षिका पूर्ण वेळ तिथे हजर. मुलींचे फोन क्रमांक प्रशिक्षकाला द्यायचे नाहीत, निरोप शाळेमार्फतच जातील.

३. तक्रार आली तर ती मुख्याध्यापिकेने शाळेत 'मिटवायची' नसते. लैंगिक गैरवर्तनाची माहिती पोलिसांना न कळवणे हा पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याखाली गुन्हा आहे. हे सगळ्या कर्मचाऱ्यांना जूनमध्येच वाचून दाखवा.

४. आरोग्य. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मैदानावर लवकर दमणारी मुलगी आळशी आहे असे समजण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य तपासणी पथक शाळेत येते त्या तारखेला खेळाच्या गटांतल्या मुली हजर राहतील असे बघा. लोहाच्या साप्ताहिक गोळ्या उपाशीपोटी देऊ नका. मळमळ झाली की मुली त्या दप्तरात लपवतात.

५. प्रथमोपचार पेटी मैदानावर असावी, कार्यालयाच्या कपाटात नको. पेटीत पॅडही ठेवा.

## ७. सव्वा तास कसा वापरायचा

पहिली पाच मिनिटे हजेरी. ती मुलगीच घेईल, दर महिन्याला वेगळी. नंतर साधारण पन्नास मिनिटे काम, दहा मिनिटे एकमेकींनी सांगायचे, पाच मिनिटे आवराआवर. सामान मोजून परत ठेवणे हेही मुलींचेच काम.

वादविवादाच्या गटाचे उदाहरण घ्या. विषय मोठा नको. 'मुलींनी सायकलवर शाळेत यावे की एसटीने' असा त्यांच्या रोजच्या जगण्यातला द्या. पक्ष चिठ्ठीने ठरवा, म्हणजे जी एसटीने येते तिला सायकलची बाजू मांडावी लागेल. तयारीला दहा मिनिटे, कागदावर फक्त तीन शब्द लिहायची मुभा. प्रत्येकीला दीड मिनिट, मग समोरचीने एक प्रश्न विचारायचा. पहिल्या महिन्यात वाक्ये अर्धवट तुटतील, बोलणाऱ्या जमिनीकडे बघतील. मध्ये बोलून वाक्य पूर्ण करून देऊ नका. शांतता सहन करा. वाक्य तिचे तिनेच पूर्ण करायचे आहे.

हीच गोष्ट मैदानावर. प्रशिक्षक ओरडून सूचना देत राहिले तर मुली खेळताना त्यांच्याकडे बघत राहतात. सामना थांबवून विचारा, "आता खो कोणाला द्यायला हवा होता?" उत्तर संघाने द्यावे.

> तपासा (दर महिन्याला) : गटनायिका बदलली का? सगळ्यांत कमी बोललेल्या तीन मुलींना या महिन्यात काय काम मिळाले? शिक्षिका रजेवर होती त्या दिवशी गट चालला की मुली वर्गात बसून राहिल्या?

## ८. स्पर्धा, परीक्षा आणि नोंदण्या वेळेत

गट सुरळीत चालू झाले की मगच स्पर्धांकडे बघा. तारखा दरवर्षी थोड्या बदलतात, म्हणून परिपत्रके पाहून भिंतीवर एक मोठी दिनदर्शिका करा.

शालेय क्रीडा स्पर्धा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात, तालुका किंवा जिल्ह्यापासून विभाग आणि राज्यापर्यंत. नेहमीची अडचण जन्मतारखेची. आधार कार्डावर एक, शाळेच्या प्रवेश नोंदवहीत (जनरल रजिस्टर) दुसरी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी हे कळले तर मुलगी बाद होते. खेळाच्या गटांतल्या सगळ्यांची जन्मतारीख आणि नावाचे स्पेलिंग जुलैतच जुळवून घ्या, आधार दुरुस्तीला वेळ लागतो.

रेखाकला परीक्षा. एलिमेंटरी आठवीत आणि इंटरमिजिएट नववीत बसवली तर दहावीला मोकळीक राहते. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात : अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. स्मरणचित्र आणि संकल्पचित्राचा सराव सगळे करतात. भूमिती आणि अक्षरलेखन मागे पडते आणि तिथेच श्रेणी घसरते.

इन्स्पायर मानक, म्हणजे विद्यार्थ्यांच्या विज्ञानकल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना. शाळेला ऑनलाइन पाच कल्पना पाठवता येतात, निवड झालेल्या विद्यार्थिनीच्या बँक खात्यात १०,००० रुपये येतात. इथे दोन चुका हमखास. इंटरनेटवरून उचललेला 'स्वयंचलित पथदिवा' पाठवला जातो, आणि मुलीच्या नावाचे खातेच नसते. कल्पना मुलींच्या घरातून शोधा. भांडी घासताना वाया जाणारे पाणी, ओल्या सरपणाचा धूर, आजीला न दिसणारी औषधाची अक्षरे. खाते आधी उघडा.

गाइड. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, या पायऱ्या क्रमानेच चढाव्या लागतात आणि प्रत्येकीला ठराविक कालावधी द्यावा लागतो. नववीत पथकात आलेल्या मुलीला दहावीपर्यंत वर पोहोचता येत नाही. सहावी-सातवीपासून घ्या. तुमची शाळा आठवीपासून असेल तर जवळच्या प्राथमिक शाळेशी बोलून ठेवा.

> इशारा : दहावीच्या सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव शाळेने मुदतीत पाठवायचे असतात. खेळ, चित्रकला, शास्त्रीय कला आणि लोककला यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि ते बदलतात, त्या वर्षीचे परिपत्रक वाचा. मूळ प्रमाणपत्राची छायाप्रत शाळेत ठेवून मूळ प्रत मुलीला त्याच आठवड्यात द्या.

## ९. दहावीच्या मुली

त्यांना जूनमध्येच बाहेर काढू नका. दिवाळीपर्यंत आठवड्याचा तो सव्वा तास राहू द्या, नंतर पंधरा दिवसांतून एकदा, पूर्वपरीक्षेपासून बंद. त्यांच्यावर नवी जबाबदारी टाकू नका. गटनायिकेचे काम ऑगस्टमध्येच नववीकडे सोपवा.

## १०. दिवाळीनंतरची पडताळणी

हजेरीच्या वह्या घेऊन बसा आणि तीनच गोष्टी शोधा. कोणत्या मुली सलग तीन आठवडे आल्या नाहीत? त्या कोणत्या गावच्या आहेत? कोणत्या गटात गळती जास्त आहे? एकाच गावच्या चार मुली गळाल्या असतील तर गाडीची वेळ बदललेली असते, किंवा वाटेत त्रास देणारे कोणी असते. दुसरी शक्यता असेल तर उपक्रमाचा विचार बाजूला ठेवून आधी तिकडे बघा. एकाच गटात गळती असेल तर शिकवण्याची पद्धत तपासा. सगळीकडून एखाद-दुसरी गळाली असेल तर प्रत्येकीशी वेगळे बोला. यात कधी कधी लग्न ठरल्याचेही कळते. अशा वेळी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला आणि १०९८ ला लगेच कळवा.

याच वेळी गट बदलण्याची मुभा द्या, एकदाच. पहिली पसंती न मिळालेल्यांची यादी आता काढा.

स्नेहसंमेलनाचे वेध लागले की सगळे गट मोडून नाच बसवायला घेतले जातात. तसे करू नका. संमेलनाच्या दिवशी प्रत्येक गटाने आपले काम दाखवायचे : खो-खोचा प्रदर्शनी सामना, मंचावर वादविवाद, सायकल दुरुस्तीचा स्टॉल, हस्तलिखिताचे प्रकाशन. पालक मुलीच्या हातात पाना बघतात तेव्हा पुढच्या वर्षीची संमती तिथेच मिळते.

मार्चअखेर प्रत्येक गटाच्या शिक्षिकेने एक पान लिहून द्यावे : काय शिकवले, कोणते सामान कुठे आहे, कोणत्या मुलीला पुढे काय द्यायला हवे, बाहेरच्या कोणाशी बोलणे झाले आहे. बदली किंवा निवृत्ती झाली तर नव्या बाईंना शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ही पाने, हजेरीच्या वह्या, संमतिपत्रे आणि कपाटाच्या किल्ल्या एकाच ठिकाणी ठेवा. गाड्यांची वही मात्र जूनमध्ये नव्याने भरायची, कारण वेळा बदललेल्या असतात.